पाहुणी होते तोवर शिरो मिळाला नाही

बहिर दारला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत कपडे कमी आणि खायचे डबे जास्त होते. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आईने कुटून दिलेली लसणाची चटणी, दोन किलो तूरडाळ आणि कपड्यांत गुंडाळलेला तीन लिटरचा कुकर. २०१२ साल होतं, तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकवायचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं होतं आणि इथिओपियात आधी राहून आलेल्या जवळपास प्रत्येकाने एकच सांगितलं होतं की तिकडचं खाणं आपल्याला जमत नाही, आंबट धिरड्यासारखं काहीतरी असतं, तेव्हा सगळं सोबत ने. मी ऐकलं आणि सगळं नेलं.

आणि पहिल्याच रात्री अदिस अबाबाच्या हॉटेलात ते खरंही ठरलं. इंजेरा मागवला, तो आला गार, परातीएवढा, करड्या रंगाचा, स्पंजसारखा मऊ, मी एक तुकडा तोडून नुसताच तोंडात घातला आणि आंबटपणा थेट कानशिलांपर्यंत गेला. पोळी म्हणजे तव्यावरून ताटात आलेली, गरम, असं डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे हा गार पदार्थ मला शिळाच वाटला. अर्धा तसाच ठेवून उठले. माझ्या लेखी तो विषय तिथेच मिटला होता.

बहिर दार मात्र पहिल्या दिवशीच आवडलं. ताना सरोवराच्या दक्षिण काठावरचं गाव, अठराशे मीटर उंचीवर, रस्त्याच्या कडेने ताडामाडासारखी उंच झाडं, आणि जिथून निळी नाईल, म्हणजे तिकडची अबाय नदी, सरोवरातून बाहेर पडते तिथेच वसलेलं. रिक्षा निळ्या आणि रिक्षेला नावच बजाज. "बजाज बोलावू का?" असं तिथल्या कोणी माणसाने विचारलं की मला एकदम घरचं कोणीतरी भेटल्यासारखं व्हायचं.

पण जेवण माझं मी करत राहिले. तांदूळ मिळायचा, मसूर तर ढिगाने मिळायची, कांदे लसूण आलं हळद सगळं होतं, त्यामुळे वरणभात, मसूरची आमटी, रविवारी थालीपीठ असं छान चाललं होतं. कॉलेजमध्ये शिपायापासून डीनपर्यंत प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारायचा, इंजेरा खाल्लास का, आवडला का. मी हो म्हणायचे. ते खोटं होतं आणि मला ते आजही बोचतं, कारण विचारणाऱ्याचा चेहरा माझ्या हो ने इतका खुलायचा.

मी राहायचे ती खोली एका कंपाऊंडच्या मागच्या बाजूला होती. पुढच्या घरात मालकीणबाई, साठीच्या, त्यांना सगळे एमामा म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागले, आपल्याकडे आजीला नाहीतर मोठ्या काकूला हाक मारावी तसं. त्यांची भाची तिथेच राहून शिकत होती, तिला इंग्लिश यायचं. मध्ये मोकळं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर घातलेलं काळंभोर स्वयंपाकघर, जिथून दर तीन दिवसांनी धूर आणि त्याबरोबर एक आंबूस भाजका वास यायचा. मी कॉलेजातून येताना ती मंडळी जेवत असली की एमामा घास हातात धरूनच म्हणायच्या, "इनब्ला." म्हणजे चला जेवू या. आपण नाही का, दारावरून कोणी गेलं की "या जेवायला" म्हणतो, अगदी तेच. आणि आपल्याकडे जसं त्यावर "होऊ दे तुमचं" म्हणून पुढे जायची रीत आहे तशी मीही हसून पुढे जायचे. त्या त्यांची रीत पाळत होत्या, मी माझी पाळत होते, आणि तीन-साडेतीन महिने माझ्या आणि त्या चुलीच्या मध्ये फक्त दहा पावलं होती.

मग गेन्ना आला, त्यांचा नाताळ, तो ७ जानेवारीला असतो. त्याआधी त्रेचाळीस दिवसांचा उपास असतो, म्हणजे मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, आणि मग त्या दिवशी घराघरात डोरो वॉट होतो. भाचीने आदल्या दिवशी सांगितलं, उद्या जेवायला आमच्याकडे, सात वाजता ये. मी संध्याकाळी सातला साडी नेसून गेले.

इथिओपियात दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, दुपारचा एक म्हणजे त्यांचे सात. हे मला माहीत होतं, कॉलेजच्या टाईमटेबलमध्ये रोज बघत होते, पण भाची इंग्लिशमध्ये "सेव्हन" म्हणाली आणि माझ्या डोक्यात आलंच नाही. ते सगळे दुपारी एकपासून माझी वाट बघत बसले होते. मी खोलीवर नव्हते, एका सहकाऱ्याकडे गेले होते, फोन बंद पडलेला. लहान मुलांना खायला घातलं होतं पण एमामा जेवल्या नव्हत्या, सहा तास. मी दारात उभी राहून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते तर त्यांनी माझं मनगट धरलं, आत नेलं, हातावर पाणी घातलं आणि मेसोबपाशी बसवलं. मेसोब म्हणजे गवताच्या काड्यांची विणलेली उंच टोपली, तीच टेबल, तिच्यावर इंजेरा पसरतात आणि त्या इंजेऱ्यावरच सगळं वाढतात.

डोरो वॉटबद्दल सांगायचं तर तो कोंबडीचा रस्सा आहे हे खरं पण तो खरा कांद्याचा पदार्थ आहे. ढीगभर कांदा बारीक चिरून आधी तेलाशिवाय, पाण्याशिवाय, नुसता मंद आंचेवर तासन् तास परततात, तो स्वतःच्या पाण्यात शिजून अगदी गळून जातो, मग त्यात बेर्बेरे, त्यांचा तो लाल मिरचीचा मसाला, आणि वेलदोड्या-मेथीच्या वासाचं मसाल्यात कढवलेलं लोणी, मग कोंबडी आणि शेवटी अख्खी उकडलेली अंडी. एमामांनी इंजेऱ्याचा तुकडा तोडला, त्यात अंड्याचा आणि रश्श्याचा मोठा घास गुंडाळला आणि माझ्या तोंडाशी आणला. याला गुर्शा म्हणतात, आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवणं, आणि घास जितका मोठा तितकी माया मोठी. मला शेवटचं कोणी भरवलं होतं ते बहुधा लग्नात. डोळ्यात पाणी आलं, त्यांना वाटलं तिखट लागलं.

त्यानंतर प्रत्येक सणाला बोलावणं यायचं. तिमकत झाला, फासिका झाला, मध्ये कोणाचं बारसं झालं. प्रत्येक वेळी मेसोब, प्रत्येक वेळी डोरो वॉट, प्रत्येक वेळी पांढराशुभ्र इंजेरा. मला फार आवडायला लागलं होतं आणि मला वाटायला लागलं होतं की आता मला इथलं जेवण कळलं.

एकदा असंच जेवून हात धुवायला मागे गेले तर स्वयंपाकघरात भाची आणि कामाला येणारी मुलगी जेवत होत्या. छोटं काळं मडकं, त्यात काहीतरी तपकिरी दाट रटरटत होतं, आणि वास. भाजलेलं हरभऱ्याचं पीठ, लसूण आणि तेल. मी तिथेच थांबले. दोन समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला अनोळखी अंगणात पिठल्याचा वास येतो तेव्हा काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. मी विचारलं हे काय आहे, तर भाची एकदम ओशाळली आणि मडक्यावर झाकण ठेवत म्हणाली, "काही नाही, शिरोच आहे."

ते "शिरोच" मी ओळखलं. दादाचे साहेब एकदा न सांगता रात्री घरी आले होते आणि घरात फक्त पिठलं-भाकरी होती, तेव्हा आईचा चेहरा असाच झाला होता आणि तिने मला मागच्या दाराने अंडी आणायला पिटाळलं होतं. पिठलं आम्ही आठवड्यातून तीनदा खायचो. बाबांना त्याशिवाय चैन पडत नसे. पण साहेबांच्या पानात ते वाढायचं म्हणजे आईला अंगावर काटा. जे रोज खातो, ज्याच्यावर घर चालतं, तेच बाहेरच्यापासून लपवायचं, हे जगात सगळीकडेच असावं.

मी शिरो मागायला लागले. एमामा नाही म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, पुढच्या सणाला ये. एकदा म्हणाल्या, तुझ्या आईला कळलं की तू माझ्या घरी शिरो खाल्लास तर ती काय म्हणेल. त्यांना कसं सांगणार की माझी आई पिठलंच करते.

जून उजाडला. तिकडचा पावसाळा, किरेम्त, सुरू झालेला. एका बुधवारी संध्याकाळी कॉलेजातून निघाले तर वाटेतच पावसाने गाठलं, घरी आले तर लाईट नाही, गॅस पेटवायला गेले तर सिलिंडर संपलेला. अंधारात ओल्या कपड्यांनी खोलीच्या पायरीवर बसले होते. स्वयंपाकघरातून एमामांची हाक आली, "लिजे, ने." लिजे म्हणजे माझ्या लेकरा, ने म्हणजे ये. त्यात इनब्ला नव्हतं. विचारणं नव्हतंच.

मी आत गेले. मेसोब नव्हता, बसायला तीन पायांचं बुटकं लाकडी स्टूल, समोर चूल, चुलीच्या उजेडात जेवढं दिसेल तेवढं. एमामांनी पत्र्याच्या थाळीत इंजेरा टाकला. तो पांढरा नव्हता, काळसर तपकिरी होता. मडकं उचलून त्याच्या मधोमध शिरो ओतला, तो पडल्यावरही बुडबुड करत होता, वर एक हिरवी मिरची, बस. आणि त्या स्वतः त्याच थाळीत पलीकडून जेवायला लागल्या, माझ्याकडे न बघता, दिवसभर उपास झालेला म्हणून भुकेल्या होत्या.

पहिला घास घेतला आणि आठ-नऊ महिन्यांपूर्वीचा तो अदिसमधला आंबट तुकडा मला समजला. नुसती ज्वारीची भाकरी तोंडात घालून कोणी म्हणालं की महाराष्ट्रातलं जेवण कोरडं असतं, तर आपण काय म्हणू? इंजेऱ्याचा आंबटपणा हा शिरोसाठी आहे, पिठल्याबरोबर ताक घ्यावं तसा. शिरो जड, भाजका, तिखट, त्याला तो आंबटपणा उचलून धरतो. आणि इंजेरा गार असावाच लागतो, कारण शिरो जिभेला चटका देईल इतका गरम असतो. सगळ्यात चांगलं शेवटी येतं, थाळीच्या तळाशी जो इंजेरा उरतो, ज्यात सगळा रस मुरलाय, डाळीत मुरलेल्या पोळीसारखा. एमामांनी तो तुकडा बोटाने माझ्या बाजूला सरकवला. गुर्शा नाही, समारंभ नाही, नुसता सरकवला. मी खाल्ला.

त्या बुधवारनंतर मला त्या घरात कोणी बोलावलं नाही. म्हणजे बोलावण्याची गरजच संपली.

मग मी बघायला लागले. तेफ हे त्यांचं धान्य, इतकं बारीक की एका गव्हाच्या वजनाला त्याचे दीडशे दाणे लागतात, आपली राजगिऱ्याची सवय असूनही मला ते वाळूसारखं वाटलं. लोक सांगतात की हातातून पडलं की हरवतं म्हणून नाव तेफ. पांढरा तेफ महाग, तो पाहुण्यांचा. लाल तेफ घरच्यांचा. आणि एमामांच्या घरी त्यातही दागुसा मिसळायचे, म्हणून तो रंग. पीठ भिजवताना मागच्या खेपेचं पिवळसर पाणी घालतात, त्याला इर्शो म्हणतात, आपण दह्याला विरजण ठेवतो ना तसं ते ठेवलेलं असतं, आणि शेजारणीचा इर्शो गेला तर ती वाटी घेऊन येते. दोन-तीन दिवस आंबतं. वरचं पाणी काढून टाकतात. आणि मग एक गोष्ट करतात जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती, त्यातलं थोडं पीठ काढून पाण्यात पेजेसारखं शिजवतात आणि परत त्याच पिठात घालतात. त्याला अब्सित. त्यानंतर पीठ पुन्हा फुगून वर येतं.

भाजायची भांडीही वेगळी. मितद म्हणजे मातीचा सपाट तवा, हात दीड हात रुंद. त्याच्यावर मोहरीच्या जातीच्या बियांची पूड टाकून फडक्याने पुसून घ्यायचं म्हणजे चिकटत नाही. मग पीठ बाहेरच्या कडेपासून गोल गोल आत ओतत यायचं, एका धारेत, न थांबता. आणि मग एमामा वाकून बघायच्या. ओल्या पिठावर एकेक भोक उघडायला लागतं, आधी कडेला, मग सगळीकडे, काही सेकंदांत शेकडो. त्यांना ते आय्न म्हणतात, डोळे. डोळे उघडले की झाकण. उलटायचं नाही, एकाच बाजूने भाजायचं. मी म्हटलं आमच्याकडे आंबोळीला असंच बघतात, जाळी पडली पाहिजे म्हणतात. त्यांना जाळी हा शब्द आवडला, पण त्यांचं म्हणणं डोळेच बरोबर, कारण डोळे नसतील तर इंजेरा वॉटला, म्हणजे रश्श्याला, बघणार कसा, धरणार कसा. माझ्या इंजेऱ्याला पहिले कित्येक आठवडे डोळे आले नाहीत. चुलीचा जाळ कुठे कमी आहे हे तव्याकडे न बघता कळावं लागतं, आणि ते सांगून येत नाही.

बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे वार. एमामा दुपारी तीनपर्यंत काही खायच्या नाहीत आणि नंतरही दूध-तुपाचा थेंब नाही. ईस्टरच्या आधीचा हुदादे तर पंचावन्न दिवसांचा. आपला उपास म्हणजे धान्य सोडून साबुदाणा-दाण्याकडे जाणं, त्यांचा म्हणजे जनावरापासून आलेलं सगळं सोडून डाळीकडे येणं. त्यामुळे ज्याला आपण बाहेरचे लोक "शाकाहारी ऑप्शन" म्हणून शोधत बसतो ते तिथे वर्षातला निम्म्याच्या आसपास काळ देशाचं रोजचं जेवण असतं, हॉटेलात त्सोम, म्हणजे उपास, एवढा एक शब्द उच्चारला की एका इंजेऱ्यावर लाल मसूर, पिवळा वाटाणा, पालेभाजी, बीट, बटाटा-कोबी आणि मध्ये शिरो असं गोल ताट समोर येतं. हे मला कोणी आधी सांगितलं नाही. आधी जाऊन आलेल्यांनीही नाही, कारण त्यांची वेगळी मेस होती आणि तिथे रोज वरणभात. मी त्यांना दोष देत नाही. परक्या ठिकाणी पहिले महिने माणूस ज्या गोष्टीला धरून उभा राहतो ती गोष्ट बहुतेक वेळा जेवणच असते. पण सात-सात वर्षं राहून शिरो न खाता परत आलेली माणसं मला माहीत आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

एमामांबरोबर शनिवारच्या बाजाराला जायला लागले. पोती उघडी मांडलेली, बायका मागे बसलेल्या. एका पोत्यात काळ्या चमकदार बारीक लांबट बिया होत्या, मी मूठ भरून घेतली, चोळली, वास घेतला. कारळे. आईच्या कारळ्याच्या चटणीचे कारळे. एमामा म्हणाल्या, नुग, याचंच तेल आपण उपासाला वापरतो. पुढे करडई होती, तिला सुफ म्हणतात, ती वाटून तिचं पांढरं दूध काढून त्यात इंजेरा कुस्करतात. जवस होती. मेथी होती, अबिश. आणि त्याच्या शेजारी एक पोतं लाल-तपकिरी गोल दाण्यांचं. त्यांनी सांगितलं, हाच तो दागुसा. ती नाचणी होती. म्हणजे मी इतके दिवस त्या काळसर इंजेऱ्यातून नाचणी खात होते.

नंतर वाचलं की नाचणी मुळात तिकडचीच, पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. कारळेही इथिओपियाच्या पठारावरचे. ज्वारी सुदानच्या पट्ट्यातली. हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि आपल्या अंगात इतकी मुरली की कोकणातली बाई नाचणीला परकं म्हणेल का? मी बॅग भरून "आपलं" खाणं जिथे घेऊन गेले होते तिथूनच ते एकेकाळी निघालं होतं.

एकदा एमामांनी विचारलं, आमच्यातलं कोणी कधी तुमच्या देशात गेलं होतं का? मी त्यांना मलिक अंबर सांगितला. शाळेच्या पुस्तकात हबशी शब्द वाचला होता, आणि इथे ही माणसं स्वतःला हबेशा म्हणतात हे ऐकल्यापासून तो माझ्या डोक्यात होताच. हरारच्या बाजूचा मुलगा, गुलाम म्हणून विकला गेलेला, या हातातून त्या हातात जात दख्खनला पोचला, निजामशाहीचा कारभार हातात घेतला, मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, १६१० साली खडकीला राजधानी नेली, जिचं पुढे औरंगाबाद झालं, तिथे नहरींनी पाणी आणलं, आणि १६२६ साली तिकडेच वारला. भाची भाषांतर करत होती. एमामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याला तिथे खायला काय मिळालं असेल?"

मी म्हटलं, माशिला. म्हणजे ज्वारी. आमच्याकडे तीच पिकते. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मान हलवली, मग बरं झालं म्हणाल्या. चारशे वर्षांपूर्वी आईपासून तुटलेल्या पोराच्या पोटाची काळजी तिथे त्या अंगणात मिटली.

पाऊस संपून ऊन पडलं की शिरोचं पीठ करायचं असतं, वर्षाचं. नावामुळे मला पहिल्यांदा शिराच आठवायचा, पण ते काम म्हणजे आपलं वाळवण आणि भाजणी एकत्र. हरभरे, वाटाणे भाजायचे, भरडायचे, सालं पाखडायची. लसूण आलं वाटून वाळवायचं, मिरच्या, तुळशीच्या जातीची वाळलेली फुलं, ओवा, कलौंजी, त्यांची मोठी वेलची. अंगणभर चटया. कोंबड्यांना हाकलायला एक पोर बसवलेलं. मग सगळं गिरणीत. अंगणातली प्रत्येक बाई येऊन चिमूट तोंडात टाकून मत देते आणि कोणाचंही मत कोणाशी जुळत नाही. अशा वेळी काही गरीब घरांत हरभऱ्याऐवजी लाखेची डाळ घालतात, ग्वाया म्हणतात तिला, दुष्काळात तीच तगते पण तीच महिनोन् महिने जास्त खाल्ली की पाय लुळे पडतात. आपल्याकडे विदर्भात लाखोळी म्हणतात तीच ही. एमामा ग्वायाला घरात घेत नसत. लहानपणी पाहिलेलं कोणीतरी होतं, एवढंच म्हणाल्या, त्यावर आम्ही पुढे बोललो नाही.

त्या दिवशी मी माझा मेतकुटाचा डबा आणला. म्हटलं, हे आमचं. एमामांनी बोट बुडवून चाखलं, थोडा वेळ विचार केला, मग मडक्यात कांदा-तेल घालून पाणी उकळलं आणि माझं मेतकूट त्यात वैरलं, ढवळलं, इंजेऱ्यावर ओतून सगळ्यांना वाढलं. हिंगाचा वास त्यांना नवा होता, मेथी लगेच ओळखली. "शिरो आहे," म्हणाल्या, "पण आजारी माणसासाठी केलेला." मिरची नव्हती ना त्यात. मेतकूट-भात आपण खरंच आजारी माणसालाच देतो हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

कॉफीबद्दल वेगळं लिहावं लागेल. कच्च्या बिया समोर भाजून तो धूर प्रत्येकाच्या नाकाशी आणणं, जमिनीवर पसरलेलं हिरवं गवत, लाह्यांची टोपली, अबोल तोना बेरेका अशा तीन फेऱ्या. फक्त एक सांगते, कपात एमामा एक हिरवी डहाळी बुडवायच्या, तेना आदाम, आणि ती आपली सताप होती, आजी लहान पोरांच्या पोटदुखीला जी अंगणात लावायची ती. नावाचा अर्थ आदामाचं आरोग्य.

मी परत आल्यानंतर काही वर्षांनी वाचलं की तेफच्या पिठावर युरोपातल्या एका कंपनीने पेटंट घेतलं होतं आणि २०१८ साली हेगच्या कोर्टाने ते रद्द ठरवलं. मला एकदम आपली हळद आठवली, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने लढून १९९७ साली अमेरिकेतलं पेटंट रद्द करून घेतलं होतं ती. एमामांना फोनवर सांगितलं. पेटंट म्हणजे काय ते समजवायला वेळ लागला. समजल्यावर त्या म्हणाल्या, मग आता इर्शो मागायला आलेल्या शेजारणीला मी काय कागद दाखवायचा?

निघायचा दिवस २०१५ च्या जुलैच्या शेवटी आला, मंगळवार. दोन वर्षांचं काम तीन वर्षांचं झालं होतं. संध्याकाळी एमामांनी मेसोब काढला. कधी नव्हे ते बाहेरच्या खोलीत बसवलं, हातावर पाणी घातलं. पांढरा इंजेरा, डोरो वॉट, अंडी. दोन दिवस कांदा परतत होत्या हे मला माहीत होतं, सगळं अंगण दरवळत होतं, आणि तरी मेसोबवरचं झाकण उघडलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. मी पुन्हा पाहुणी झाले होते. त्यांनी गुर्शा दिला, मी त्यांना दिला, दोघींनीही काही बोलायचं टाळलं.

अदिसची बस पहाटे पाचला, त्यांच्या घड्याळात रात्रीचे अकरा. काळोखात बॅगा बजाजमध्ये टाकत होते तर स्वयंपाकघरात चूल पेटलेली दिसली. एमामा नेतेला, म्हणजे त्यांची पातळ सुती शाल, अंगावर घट्ट लपेटून बाहेर आल्या आणि फडक्यात बांधलेला एक डबा माझ्या मांडीवर ठेवला, अजून गरम होता. काही म्हणाल्या नाहीत. हात डब्यावर थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग आत निघून गेल्या.

साडेपाचशे किलोमीटरचा रस्ता. देब्रे मार्कोस मागे टाकून देजेनला, अबायच्या प्रचंड दरीच्या काठावर, बस जेवायला थांबली. खाली धुकं भरलेलं, नदी दिसत नव्हती. सगळे हॉटेलकडे गेले, मी पावसाच्या पागोळ्या चुकवत एका पत्र्याखाली बाकावर बसले आणि फडकं सोडलं. फिरफिर होता. परवाच्या उरलेल्या इंजेऱ्याचे तुकडे, तेलावर, कांदा-बेर्बेरेत परतलेले, आपण शिळी पोळी फोडणीला टाकतो तसे. काळसर इंजेरा. दागुसावाला. कोंबडीचा मागमूस नव्हता, लोणी नव्हतं, बुधवार होता.

बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली बाई बाकाच्या टोकाला येऊन टेकली होती, तिने हॉटेलात काही घेतलं नव्हतं. तिने डब्याकडे पाहिलं आणि नजर वळवली, जसं कोणीही वळवेल.

"इनब्ला," मी म्हटलं.

ती हसली, मान हलवली. मी डबा बाकाच्या मध्ये सरकवला. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, "त्सोम नौ?" उपासाचं आहे का.

"नौ," म्हटलं. "घरचं आहे."

पत्र्यावरून पाणी पडत होतं तिथे तिने हात धरले, पदराला पुसले, आणि जवळ सरकली.